चार दिवसांचा तर प्रश्न आहे

आमच्याकडे चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना फुटबॉल खेळायचा झटका आला की त्याला वेटरन्स स्पर्धा म्हणतात. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे, खिशात बीपीची गोळी, आणि आवेश असा की उद्या देशाकडून बोलावणंच येणार आहे. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, अगदी ठाण्यापर्यंतच्या टीम येतात. मांडव पडतो, लाउडस्पीकर लागतो, कोणीतरी पुढारी येऊन चेंडूला एक लाथ मारून फोटो काढून जातो. मी दरवर्षी जाते, कारण त्यातले निम्मे माझे विद्यार्थी आहेत आणि निम्म्यांना अजून ऑफसाइड कळत नाही.

मी बत्तीस वर्षं डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवली. मुलींना लेझीम, मुलांना फुटबॉल. फुटबॉल मला येत होता म्हणून नव्हे. क्रिकेट दुसऱ्या सरांनी आधीच बळकावलं होतं, म्हणून. नियमांचं पुस्तक आणलं, शिट्टी आणली, पदर खोचला आणि उतरले. लोक हसले. हसोत बापडे. काही वर्षांनी आमची टीम जिल्ह्याला खेळायला लागली तेव्हा तेच लोक मला मैदानाच्या कडेला खुर्ची द्यायला लागले.

ती टीम म्हणजे खरं तर एकच पोरगा. ठाकुर्लीचा, वडील कारखान्यात फिटर, गाव कोकणात कुठेतरी. डाव्या पायाचा होता. त्याच्याकडे चेंडू गेला की बाकीची दहा पोरं खेळायचं सोडून बघत बसायची आणि मला कडेने ओरडावं लागायचं, अरे तुम्ही त्याच्याच टीममधले आहात, पळा की. नववीत हा गणितात आणि इंग्रजीत नापास झाला. मी गणिताच्या बाईंकडे गेले, इंग्रजीच्या सरांकडे गेले, शेवटी हेडसरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि त्याला वर ढकलायला लावलं. नापास झाला असता तर पुढच्या वर्षी नियमाने शाळेच्या टीममध्ये बसला नसता. दहावीच्या फॉर्मच्या वेळीही थोडंफार असंच झालं. तेव्हा मला याचा फार अभिमान होता. एका पोराचं करिअर वाचवलं असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगायची. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

पुढे तो ठाण्याच्या एका कंपनीच्या टीमकडून खेळला, राज्याच्या कॅम्पला जाऊन आला, आणि दर रविवारी आमच्या इथल्या क्लबकडून खेळतच राहिला. अकरा वर्षं. मग गुडघा गेला. कंपनीने टीमच बंद केली आणि त्याला एका टेबलावर फायली घेऊन बसवलं. फायलीत इंग्रजी. त्याला काय येणार? साहेब बोलला की हा दांडी मारायचा, दांडी मारली की प्यायचा, आणि मग काही दिवसांनी ती नोकरीही राहिली नाही. बायको लेकीला घेऊन विठ्ठलवाडीला माहेरी गेली. हे सगळं माझ्या कानावर उडत उडत येत होतं. उडत उडत कळण्याचा एक मोठा फायदा असतो. आपल्याला सगळं माहीतही असतं आणि काही करावंही लागत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. ठाकुर्लीला भाजी घेत होते तर समोरून हा आला. पाया पडायला वाकला आणि त्याला सरळ होता येईना. मीच दंडाला धरून उभा केला. भपकारा आला.

"अरे मेल्या, सकाळचे नऊ वाजलेत."

"हो बाई."

"हो बाई काय? लाज वाटते का काही?"

"वाटते ना बाई. जाम वाटते."

त्याला पलीकडच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसवलं. ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मा चहा पँटवर. मी बोलायची होते बरंच काही, पण तो आधी बोलला. "मला सोडायचीये बाई. मी दोनदा सोडलेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं हलायला लागतं ना, वाटतं गेलोच. एकट्याला नाही जमत. कुठे टाकता येतं का बघा ना मला." एवढ्या मोठ्या, पंचेचाळिशीच्या बाप्याने 'मला टाका' म्हणावं, हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला.

घरी येऊन फोन धरला. चार ठिकाणी कोणी धड बोललं नाही. पाचव्या ठिकाणी, आंबिवलीच्या पुढे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथल्या समुपदेशक ताई भेटल्या. आवाजावरून माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्वतः हो म्हणालाय?" म्हटलं, हो. "मग उद्याच आणा. उद्या एक खाट रिकामी होतेय. हे 'हो' दोन दिवस टिकतं बाई, तिसऱ्या दिवशी नसतं. आणि घरी एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. इथे डॉक्टर आहेत, इथेच बंद करू." अट एकच. जवळच्या एका माणसाने सही करायची आणि सहा आठवडे दर शनिवारी त्याच्यातर्फे कोणीतरी नातेवाईकांच्या सभेला यायचं.

आता हा जवळचा माणूस आणायचा कुठून? आईवडील गेलेले, बायकोने हात टेकलेले, भाऊ फोन उचलत नव्हता. मला वाटलं, याने अकरा वर्षं ज्या क्लबसाठी पाय झिजवले त्या क्लबात पन्नास माणसं आहेत. सहा शनिवारांना सहा माणसं मिळणार नाहीत का? किती भाबडी असावी एखादी बाई.

संध्याकाळी क्लबवर गेले. मैदानाच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली, भिंतीवर ढालींची रांग, आणि खाली कार्यकारिणी वडे खात बसलेली. सेक्रेटरी माझाच विद्यार्थी. शाळेत कायम राखीव खेळाडू, आता मंडप डेकोरेशनचा धंदा आहे आणि बोलण्यात साखर. मी सगळं सांगितलं. त्याने वडा खाली ठेवला, तेव्हा मला बरं वाटलं. चला, म्हटलं, गांभीर्य कळलं.

"बाई, उद्या कसं शक्य आहे? शनिवारी सेमी आहे. रविवारी फायनल."

"कसली फायनल?"

"वेटरन्सची. तो आपल्याकडून उतरतोय ना. त्याच्याशिवाय टीम काय आहे आपली? चार दिवसांचा तर प्रश्न आहे. रविवारी फायनल, लगेच स्टेजवर त्याचा सत्कार, आणि सोमवारी सकाळी आम्ही सगळे गाडी करून सोडायला येतो. वाजतगाजत."

"वाजतगाजत? तो दारू सोडायला चाललाय, लग्नाला नाही."

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

मग माझी जी गाडी सुटली ती सुटलीच. म्हटलं, तुम्हा लोकांना गुडघा दुखला की फवारा मारता येतो, बर्फ लावता येतो, पट्टी बांधता येते. अख्खा माणूस मोडला की तुम्हाला शाल आणि नारळ सोडून काही सुचत नाही? याच्या घरी शाली किती आहेत माहीत आहे का? थंडीत गोधडीऐवजी त्याच घेतो तो. मैदानाला पाणी मारायच्या पाळ्या लावता, जाळी बांधायच्या पाळ्या लावता, तशा सहा शनिवारच्या पाळ्या लावा की. त्यावर एक जण, चष्मा पुसत, म्हणाला, "बाई, वाईट नका मानू, पण हा त्याचा घरगुती मामला आहे." मी म्हटलं, "गोल मारत होता तेव्हा कोणाच्या घरचा होता रे?" त्याने चष्मा आणखी पुसला. दुसरा म्हणाला, खेळ आहे बाई, खेळ संपला की ज्याचा तो. हे वाक्य तर मला इतकं लागलं की मी उठलेच.

सेक्रेटरी मागे धावत आला. म्हणाला, "बाई, टेन्शन नका घेऊ. रविवारी त्याला खेळू द्या. मी सोमवारी सहा नावं लिहून देतो. सहा शनिवार, सहा माणसं. शब्द माझा." मी तशीच तरातरा घरी आले. ठरवलं होतं, उद्या सकाळी रिक्षा करायची आणि त्याला उचलून न्यायचं. खड्ड्यात गेली फायनल.

खाट मिळतेय, उद्या निघायचंय, हे मी त्याला बुधवारीच कळवलं होतं. गुरुवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात तो. दाढी केलेली, घाईत दोन ठिकाणी कापून घेतलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. म्हणाला, "चला बाई. कपडे घेतलेत, टूथब्रश घेतलाय. निघू या ना?"

इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले, खोटं बोलू नका. म्हणून जसं झालं तसंच लिहिते. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "सोमवारी जाऊ. क्लबची माणसं पण येणार आहेत. रविवारी फायनल आहे ना तुझी, ती खेळून घे."

त्याने पिशवी खाली ठेवली. "नक्की बाई? सोमवारी?"

"नक्की. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

कोणाचं वाक्य कोणाच्या तोंडी आलं ते बघा. मी स्वतःला सांगितलं की सहा शनिवारांची सोय होतेय, एकटीने किती धावायचं, माझंही वय झालं. सगळं खरं होतं. आणि खाली आणखी एक खरं होतं, जे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. मला त्याला एकदा खेळताना बघायचं होतं. शेवटचं म्हणा हवं तर. तो डावा पाय मी घडवला असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. त्या पायाची जत्रा बघायची हौस मलाही होतीच की.

ताईंना फोन केला. फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सोमवारी खाट असेल असं मी सांगू शकत नाही. आणि तो तरी असेल का, तेही नाही." मी म्हटलं, असेल हो, माझा विद्यार्थी आहे. किती तोऱ्यात म्हटलं मी.

सेमी त्यांनी जिंकली. मी गेले नव्हते. रविवारी फायनलला वेळेआधी जाऊन पुढची खुर्ची धरली. टीम उतरायच्या आधी गोलच्या मागे सेक्रेटरी त्याला पाण्याची बाटली देताना दिसला. बाटलीतल्या पाण्याचा रंग काही पाण्याचा नव्हता. मी उठून गेले.

"हे काय चाललंय?"

"बाई, औषध म्हणून. नाहीतर उभा नाही राहणार तो, हात बघा ना कसे हलतायत. आणि तुम्हीच म्हणालात ना परवा, एकदम बंद करायची नाही म्हणून."

ताईंचं वाक्य मीच क्लबात ऐकवलं होतं, सगळं कसं शास्त्रशुद्ध आहे ते पटवायला. आता तेच माझ्या गळ्यात. मी त्या बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती. त्याच क्षणी बाटली हिसकून घ्यायला हवी होती, त्याचा हात धरून बाहेर पडायला हवं होतं. शिट्टी झाली. मी येऊन खुर्चीवर बसले.

आणि तो खेळला. काय सांगू कसा खेळला. पळता येत नव्हतं, पण त्याला पळायची गरजच नव्हती. उभ्या जागेवरून असे पास देत होता की समोरचे पोटवाले नुसते गोल गोल फिरत होते. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू त्याच्याकडे उंचावरून आला, तो त्याने छातीवर उतरवला आणि डाव्या पायाने असा टोलवला की गोलकीपर हललाच नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. डोळ्यांतून पाणी काढलं. शेजारच्या माणसाला सांगितलं, माझा विद्यार्थी आहे. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. सेक्रेटरी माइकवर म्हणाला, म्हातारा झाला तरी वाघ तो वाघच. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सोमवारी सकाळी आठला मी ठाकुर्लीला त्याच्या खोलीवर पोचले. गाडी नव्हती. वाजतगाजत तर सोडाच, साधं कुत्रं आलं नव्हतं. सेक्रेटरीला फोन केला. "बाई, अर्जंट मंडपाचं काम निघालं बघा. दुपारनंतर बघू. आणि ती सहा नावं ना, करतो, करतो." आत गेले. हा पलंगावर बसलेला, अंगावर काल मिळालेली शाल, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न बघितलेला आनंद.

"बाई, मी नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"मी बरा आहे ओ. काल बघितलंत ना तुम्ही? आजारी माणूस असा गोल मारतो का? सगळे तेच म्हणत होते. म्हणाले, तुला काय धाड भरलीये, अजून पाच वर्षं खेळशील. मी कमी करतो ना हळूहळू. माझं मी करतो."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी ओरडले, विनवलं, शाळेतला आवाज काढला, त्याच्या लेकीची शपथ घातली. तो हसत होता. रागावतसुद्धा नव्हता. आणि काल टाळ्या मीही वाजवल्या होत्या. अकरा वाजता ताईंचा फोन आला. खाट दुसऱ्याला दिली होती. जिन्याखाली थांबवलेल्या रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, एकट्याच का?" मी म्हटलं, गप चालव.

अडीच महिन्यांनी त्याला कल्याणात भर रस्त्यात फिट आली. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. सरकारी दवाखान्यात नऊ टाके पडले. मी गेले तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि त्याला वार कोणता ते सांगता येत नव्हतं. लिव्हरचं डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की ते म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं. क्लबच्या ग्रुपवर बातमी टाकली. एकशे चौदा जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्यातल्या एकाचेही खरे हात दवाखान्यात दिसले नाहीत.

तिथून सुटल्यावर त्याला थेट आंबिवलीला नेलं. या वेळी त्याला कोणी विचारलं नाही, आणि तोही काही बोलला नाही. सही मी केली. सहा नावांची यादी अजून यायची आहे. दुसऱ्या शनिवारी सेक्रेटरी मोठा पुष्पगुच्छ घेऊन उगवला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागला. ताईंनी मोबाइल काढून घेतला, म्हणाल्या इथे फोटो चालत नाहीत. तो दहा मिनिटं बसला आणि गेला. मला मनातून फार बरं वाटलं. त्याच्यावर रागावणं सोपं होतं. अडीच महिने मी तेच तर करत होते.

तिसऱ्या शनिवारच्या सभेत पेशंटने सगळ्यांसमोर बोलायचं असतं आणि मग त्याच्या माणसाने. सतरंजीवर आम्ही बारा-पंधरा जण गोल बसलो होतो, कोणाची आई, कोणाची बायको, मी एकटीच शाळेतली बाई. ताईंनी त्याला विचारलं, "पहिल्या वेळी तू स्वतःहून तयार होतास. मग काय झालं?" मला वाटलं, आता सेक्रेटरीचं निघणार, बाटलीचं निघणार. मी मान डोलवायच्या तयारीतच होते.

त्याने सतरंजीचा एक धागा ओढून काढला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी जाम घाबरून आलेलो. वाटत होतं, आपलं काही खरं नाही आता. तर बाई म्हणाल्या, सोमवारी जाऊ, खेळून घे. शाळेत आम्हाला लागलं-बिगलं तर खेळायचं का बाहेर बसायचं ते बाईच सांगायच्या. बाई खेळ म्हणाल्या म्हणजे आपल्याला फार काही झालेलं नाही, असं असायचं. मग मला वाटलं, तसंच असेल."

रागाने नाही बोलला. मला वाचवायलाही नाही बोलला. झालं ते सांगितलं. मग ताई माझ्याकडे वळल्या. मी घरून येताना बरंच काही ठरवून आले होते, क्लबबद्दल, कंपनीबद्दल, फुटबॉलवाल्यांनी काय करायला हवं याबद्दल. ते सगळं तिथेच सोडलं.

"तू आजारी होतास," मी म्हटलं. "मला दारातच दिसलं होतं."